घरसजावटीचे अंदाजपत्रक : कोणाच्या मापाने, कोणत्या क्रमाने

नव्या फ्लॅटची किल्ली हातात येते, तोवर बहुतेक कुटुंबांची गंगाजळी आटलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. उरलेली स्वतः उभी करायची. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के. घर महिलेच्या नावावर असेल तर एका टक्क्याची सवलत. नोंदणी फी ३० हजारांपर्यंत. इमारतीचे काम चालू असताना घर घेतले तर साधारणपणे ५ टक्के जीएसटी, आणि ताबा घेताना आगाऊ मेंटेनन्स. यातले बरेचसे खिशातूनच जाते. नेमक्या याच वेळी सुतार, डिझायनर किंवा एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी समोर बसून विचारतो, “बजेट किती?”

या प्रश्नाला आपल्याकडे निरनिराळ्या पद्धतींनी उत्तर दिले जाते आणि त्यांत एकवाक्यता नाही. त्या पद्धती कुठून आल्या, प्रत्येकीचे म्हणणे काय आणि कोणत्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत, हे इथे पाहायचे आहे. नजरेसमोर आहे तो मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतला एक-दोन बेडरूमचा फ्लॅट. बंगल्यांचे आणि ऑफिसांचे गणित निराळे.

एकेक वस्तूपासून अख्ख्या घरापर्यंत

सजावटीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढायची ही कल्पना तशी अलीकडची. वाड्याच्या जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे बांधतानाच ठेवली जात, खुंट्या ठोकल्या जात, माळ्यावर वर्षाचे धान्य राही. साठवणीची सोय हा बांधकामाचाच भाग होता आणि तिचा खर्चही त्यातच मिसळलेला असे. मुंबईच्या चाळीत भिंती पातळ झाल्या आणि खोली एकच उरली. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे सुताराकडून पोटमाळा करून घ्यायचा, भिंतीला फळ्या मारायच्या, पलंगाखाली ट्रंका सरकवायच्या. गोदरेजने १९२३ मध्ये लोखंडी कपाटे बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या काळात ‘गोदरेजचे कपाट’ मराठी घरातल्या मोठ्या खरेद्यांत जमा झाले. वस्तू एकेक करून येत. बोनसमधून कपाट, दिवाळीला दिवाण, मुलगी दहावीला गेली की अभ्यासाचे टेबल.

सगळे घर एकदम मांडायचे, हा विचार मुंबईत आला तो सुखवस्तू वर्गातून. मरीन ड्राइव्हपासून दादर-माटुंग्यापर्यंत नव्या पद्धतीचे फ्लॅट उभे राहत असताना, १९३७ मध्ये, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले होते. मध्यमवर्गाच्या वाट्याला फ्लॅट आला तो बराच नंतर, सहकारी गृहनिर्माण संस्था, सिडको आणि म्हाडा यांच्यामार्फत. म्हाडा आणि गृहकर्ज देणारी एचडीएफसी या दोन्ही संस्था १९७७ च्या. त्या काळच्या फ्लॅटमध्ये कडाप्प्याचा ओटा, मोझॅकच्या फरश्या आणि भिंतीतले एखादे सिमेंटच्या फळ्यांचे कपाट मिळे. बाकी घर पुढची वीस वर्षे भरत जाई.

१९९१ नंतर व्हिट्रिफाइड टाइल्स, लॅमिनेट लावलेले प्लायचे फर्निचर आणि मॉड्युलर किचन हळूहळू सर्वसामान्य झाले. २०१४ च्या सुमारास लिव्हस्पेस, होमलेन यांसारख्या कंपन्या अख्ख्या घराचे काम पॅकेज म्हणून विकू लागल्या. आयकियाचे देशातले पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडले, आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. वीस वर्षांत विखुरलेला खर्च आता दोन-तीन महिन्यांत एकवटतो. आजचे सगळे वाद या बदलातून निघाले आहेत.

टक्केवारी आणि चौरस फूट

सर्वांत लोकप्रिय ठोकताळा टक्केवारीचा : घराच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के इंटिरियरला. कर्ज देणारा, घर दाखवणारा एजंट, आधी घर घेतलेले नातेवाईक, सगळे साधारण हाच आकडा सांगतात. त्याची बाजू अशी की घर पसंत करतानाच या खर्चाची आठवण राहते आणि ताबा मिळेपर्यंत काही रक्कम बाजूला पडते. घर घेण्याआधीचा अंदाज म्हणून हे म्हणणे रास्त आहे.

पण हा आकडा कामाला लावायला गेले की अडचण येते. समजा, अंधेरीत ५५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट दीड कोटीला घेतला आणि कोल्हापुरात ९०० चौरस फुटांचा ६० लाखांना. दहा टक्क्यांनी पहिल्या घराला १५ लाख मिळतात, दुसऱ्याला ६ लाख. काम मात्र दुसऱ्या घरात जास्त आहे. प्लायचा आठ बाय चारचा तक्ता, टाइल्सचा बॉक्स, बिजागऱ्या, रंगाची बादली दोन्ही गावांत जवळपास सारख्याच भावाने मिळते. मजुरीत फरक पडतो, पण एवढा नाही. टक्केवारीत मोजला जातो तो जागेचा भाव, आणि जागेच्या भावाचा सुताराच्या कामाशी संबंध नाही.

पुनर्विकासात तर हा ठोकताळा चालतच नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. या घरांसाठी त्यांनी किंमत मोजलेली नाही, त्यामुळे टक्के कशाचे काढायचे? वरळीचा बाजारभाव धरला तर निघणारा आकडा चाळीतल्या कुटुंबाच्या मिळकतीच्या कितीतरी पलीकडचा. आणि गरज तर खरीच आहे, कारण एका खोलीतले सामान दोन बेडरूमच्या घरात पुरत नाही. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांचे सभासद वेगळ्या पेचात असतात. विकसकाकडून मिळणारा कॉर्पस हाताशी असतो आणि तो फर्निचरमध्ये घालण्याचा मोह होतो. लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक यांमुळे नव्या इमारतीचा मेंटेनन्स वाढणार, त्यासाठी तो आधार आहे. निवृत्त सभासदांनी तरी या रकमेला हात लावू नये, असे मला वाटते.

दुसरी पद्धत चौरस फुटाच्या दराची. तिचा फायदा म्हणजे दोन घरांची तुलना पटकन होते. इथे पहिला प्रश्न हा की कोणते चौरस फूट? महाराष्ट्रात महारेराचा कारभार १ मे २०१७ पासून सुरू झाला आणि कार्पेट क्षेत्राची व्याख्या कायद्याने ठरली. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. घराच्या विक्रीत आता यावर वाद उरलेला नाही. सजावटीच्या कोटेशनमध्ये मात्र अजूनही कोणी बिल्टअप धरतो, कोणी कार्पेट, कोणी बाल्कनीसह. दुसरी अडचण घराच्या आकाराची. ४०० चौरस फुटांच्या घरातही ओटा, सिंक, गिझर, बाथरूम आणि देवघर असतेच. घर ८०० फुटांचे झाले म्हणून ओटे दोन होत नाहीत. त्यामुळे लहान घराचा दर फुटामागे जास्तच पडतो, आणि मोठ्या घराचा दर ऐकून लहान घराचे बजेट बांधणारे हमखास तोंडघशी पडतात.

यादी, वर्णन आणि माप

तिसरी पद्धत सर्वांत कष्टाची. आधी यादी करायची, मग प्रत्येक कामाचे वर्णन, परिमाण आणि दर लिहायचा आणि शेवटी बेरीज मारायची. सार्वजनिक बांधकाम विभागाची कामे अशीच होतात, दरसूची धरून. बांधकामाची मापे कशी घ्यावीत यासाठी भारतीय मानक आयएस १२०० आहे आणि त्यात सुतारकामाचाही भाग आहे. घरगुती कामात त्याचे नाव क्वचितच निघते. अनुभवी डिझायनर आणि ठेकेदार स्वतःपुरते असे पत्रक करतात, त्याला बीओक्यू म्हणतात; घरमालकाच्या हाती पुष्कळदा त्याची फक्त शेवटची ओळ पडते.

वर्णनाचे महत्त्व साध्या गोष्टींत आहे. ‘प्लायचे कपाट’ एवढे लिहिले तर त्यात काहीही बसते. ‘१८ मिमी प्लाय, आयएस ३०३, बीडब्ल्यूआर’ असे लिहिले की दमट हवेला टिकणारी प्रत नक्की होते. ‘एमआर’ लिहिले तर ती कोरड्या जागेची साधी प्रत, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, जो सिंकखालच्या कप्प्याला हवा. सगळ्या घराला मरीन वापरणे हा वायफळ खर्च. सिंकखाली साधा प्लाय लावणे त्याहून वाईट, कारण पहिल्याच गळतीत तो फुगतो आणि ग्रॅनाइटच्या ओट्याखालून कप्पा बदलणे फार जिकिरीचे असते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे बिजागऱ्या आणि ट्रॉलींच्या स्टीलची प्रतही लिहून घ्यावी लागते. ३०४ लिहिलेले असताना २०२ लागले तर ते दोन पावसाळ्यांत गंजाने बोलून दाखवते.

खरा गोंधळ मापाचा आहे, आणि तो समजावा म्हणून एक कपाट नीट मोजून पाहू. बेडरूममधले सात फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट. आत तीन भाग आणि एकूण नऊ फळ्या. पहिला ठेकेदार समोरचे माप धरतो, म्हणजे सात गुणिले सात, ४९ चौरस फूट. समजा त्याचा दर १,६०० रुपये आहे. कपाट ७८,४०० रुपयांचे. दुसरा ठेकेदार उघडे माप धरतो, म्हणजे लागणारी प्रत्येक फळी मोजतो. दोन बाजू २८ चौरस फूट, वरची-खालची मिळून २८, मधल्या दोन उभ्या फळ्या २८, नऊ आडव्या फळ्या ४२, दरवाजे ४९ आणि मागची पातळ पाठ ४९. एकूण २२४. त्याचा दर ३५० रुपये. गुणाकार करून पाहावा : ७८,४०० रुपये.

पहिला दर ऐकून माणूस दचकतो, दुसरा ऐकून खूश होतो, आणि दोन्ही कपाटे एकाच किमतीची आहेत. त्यातही पुढे वाट फुटते. कपाटात चार ड्रॉवर वाढवले तर उघड्या मापात प्रत्येक ड्रॉवरच्या पाचही बाजू मोजल्या जातात आणि बिल आपोआप चढते. समोरच्या मापात क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून ठेकेदार ड्रॉवरचे पैसे ‘एक्स्ट्रा’ म्हणून लावतो. दोन्ही पद्धतींना बाजू आहे. उघडे माप सुताराला न्याय देते, कारण त्याचे श्रम फळीमागे वाढतात. समोरचे माप घरमालकाला सोयीचे, कारण तो स्वतः टेप धरून तपासू शकतो. मात्र दोन कोटेशन शेजारी ठेवून फक्त दर पाहणे निरर्थक आहे.

किचनमध्ये हाच प्रश्न रनिंग फुटाच्या रूपात येतो. दहा फूट आणि आठ फूट अशा दोन भुजांचा इंग्रजी ‘एल’ आकाराचा ओटा असेल, तर त्याची लांबी अठरा फूट की सोळा? कोपऱ्याचे दोन फूट दोनदा धरायचे की एकदाच? त्या दरात फक्त खालचे कप्पे की वरचेही? ट्रॉल्या, ग्रॅनाइट, सिंक, चिमणीचा पाइप, गॅसची लाइन, मागच्या भिंतीच्या टाइल्स आत की बाहेर? फॉल्स सीलिंगमध्येही सपाट क्षेत्र वेगळे आणि उभ्या पट्ट्यांचे माप वेगळे लागते. अंदाजपत्रक फुगते ते बहुतेक वेळा या न विचारलेल्या प्रश्नांमुळे. माल आणि मजुरी दोन्ही ठेकेदाराकडे, म्हणजे ‘विथ मटेरियल’, की माल आपला आणि फक्त मजुरी त्याची, हाही असाच पहिल्या दिवशी ठरवण्याचा मुद्दा. माल स्वतः आणला तर प्रतीची खात्री राहते. पण वाया जाणारा प्लाय, दुकानाच्या खेपा आणि कामाचा खोळंबा आपल्या अंगावर येतो.

काम कोणाच्या हाती

साइटवर बसून काम करणारा सुतार, डिझायनर आणि कारखान्यात माल बनवणारी कंपनी, असे तीन मार्ग आज आहेत.

मुंबई-पुण्यात साइटवरचे सुतार पुष्कळदा राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले असतात. होळीला गावी गेले की काम थांबते, हे वेळापत्रकात धरूनच चालावे. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. बीमखालची सहा इंचांची जागा, खिडकीशेजारचा तिरका कोपरा, जुन्या सागवानी पलंगाच्या लाकडातून नवे देवघर, ही कामे कारखाना करत नाही. पाच वर्षांनी दार लोंबले तर तोच माणूस येऊन बसवतो. उणी बाजू म्हणजे घरात महिना-दोन महिने धूळ, प्रतीत माणसागणिक फरक आणि लेखी हमी जवळपास नाहीच.

कंपन्यांची भूमिका अशी की कारखान्यातल्या यंत्रावर कापलेला आणि कडा चिकटवलेला माल एकसारखा येतो, किंमत आधी कळते, वॉरंटी लेखी मिळते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दुरून काम करून घ्यायचे तर ही सोय मोठी आहे. आक्षेप दोन. बहुतेक रक्कम माल कारखान्यातून निघण्याआधीच द्यावी लागते, त्यामुळे काम रेंगाळले तर घरमालकाच्या हाती धरून ठेवायला काही उरत नाही. आणि प्लंबिंग, इलेक्ट्रिक, तोडफोड यांसारखी कामे शेवटी स्थानिक ठेकेदाराकडेच जातात. पॅकेजच्या किमतीत ती पूर्ण धरलेली असतीलच असे नाही.

डिझायनरच्या मानधनाचा वाद सर्वांत जुना. ‘आर्किटेक्ट’ या पदवीनामाला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, नोंदणी आहे, आचारसंहिता आहे. इंटिरियर डिझायनरसाठी असा कायदा नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्था १९७२ पासून काम करते आहे, पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. मानधन कोणी एकूण खर्चाच्या टक्केवारीत घेतो, कोणी चौरस फुटावर, कोणी ठरावीक रकमेत. टक्केवारीवर टीका होते ती अशी की खर्च वाढला की मानधन वाढते. डिझायनरांचे उत्तर असे की वाढीव कामाला वाढीव देखरेख लागते, आणि ठरावीक रकमेत घरमालक दहादा आराखडा बदलायला लावतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनचा विषय मात्र मोकळेपणाने निघत नाही, तो निघायला हवा. मानधन पूर्ण द्यावे आणि मालाची बिले थेट आपल्या नावावर घ्यावीत, हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. चांगला डिझायनर पैसे वाचवतो तो कागदावर, कारण कागदावर भिंत हलवायला काही लागत नाही.

आधी काय, मग काय

पैसा मर्यादित असेल तर तो कोणत्या क्रमाने घालावा, यावर दोन मते आहेत. एक मत म्हणते सगळे एकदम करा. राहत्या घरात पुन्हा धूळ नको, ठेकेदाराचा दरही मोठ्या कामाला उतरतो आणि भाव दरवर्षी वाढतातच. दुसरे मत टप्प्याटप्प्याने करण्याचे. वर्ष-सहा महिने राहून पाहिल्यावरच कळते की पश्चिमेचे ऊन कुठे येते, पावसाची झड कोणत्या खिडकीतून मारते, आई जपाला कुठे बसते, मुलगा अभ्यास खरोखर टेबलावर करतो की पलंगावर.

मला दुसरे मत पटते, एका दुरुस्तीसह : भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जे जाते ते पहिल्या टप्प्यातच झाले पाहिजे. वायरिंग, प्लगच्या जागा, एसीचे तांब्याचे पाइप आणि ड्रेन, पाण्याच्या लाइन, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, वाळवीचा बंदोबस्त. दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि एसी-गिझरला चार चौरस मिमीची वायर हा साधारण प्रघात. ती पुढे बदलायची तर रंग, पुट्टी आणि टाइल्स सगळेच पुन्हा. सोफा, पडदे, टीव्हीमागचे पॅनल, फॉल्स सीलिंग थांबू शकतात. प्रत्यक्षात उलटे घडताना दिसते. दिवाणखान्याच्या पॅनलला लाख रुपये सहज मंजूर होतात आणि बाथरूममध्ये आधाराची दांडी, न घसरणारी टाइल, पलंगाजवळ रात्रीच्या दिव्याचे बटण यांसाठी पैसे उरत नाहीत. ज्या घरात सत्तरीपुढची माणसे आहेत, तिथे या यादीला पहिला मान असायला हवा.

याच टप्प्यात एक कायदेशीर बाबही येते. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. पण अनेक करारनाम्यांत कलम असते की बाथरूम, टॉयलेट किंवा किचनमध्ये बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय गळती होईल असे फेरफार केले, तर ही जबाबदारी संपते. नव्या घराच्या टाइल्स केवळ रंग आवडला नाही म्हणून उखडायच्या असतील तर त्या कामाची किंमत टाइल्सच्या बिलाहून मोठी आहे. शिवाय सोसायटीची लेखी परवानगी, अनामत रक्कम, डेब्रिज उचलण्याचा खर्च आणि कामाच्या ठरलेल्या वेळा आहेतच. रविवार आणि दुपारची बंदी धरली तर एक महिन्याचे काम दीड महिना चालते, आणि तेवढे दिवस भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात. हे दुहेरी ओझे मी पाहिलेल्या फारच थोड्या अंदाजपत्रकांत लिहिलेले होते.

कर्ज, कर आणि बिल

वैयक्तिक कर्जाचा व्याजदर गृहकर्जापेक्षा बराच जास्त असतो. चालू गृहकर्जावरचे टॉप-अप त्यामानाने स्वस्त, पण ते लांब मुदतीवर पसरते. पंधरा वर्षांच्या हप्त्यावर घेतलेला सोफा पंधरा वर्षे टिकत नाही. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळते, तीही दोन लाखांच्या एकूण मर्यादेतच. सुट्या फर्निचरच्या कर्जाला नाही. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावटच नाही.

इंटिरियरच्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट आणि एसीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा दिलासा आहे. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ असा प्रस्ताव जवळपास प्रत्येक कामात येतो. २० लाखांखालची उलाढाल असलेल्या लहान कारागिराला नोंदणीची सक्तीच नाही, त्यामुळे त्याने कर न लावणे गैर नाही. मोठ्या ठेकेदाराकडून बिलाशिवाय काम करून घेणे मात्र कायद्याला धरून नाहीच, आणि वाद झाला तर हातात पुरावाही राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही. तिथे कागद लागतो.

न सुटलेल्या गाठी

इतकी वर्षे आणि इतका पैसा या क्षेत्रातून वाहूनही घरगुती सुतारकामाच्या मापाला सर्वमान्य रीत नाही. आयएस १२०० उपलब्ध आहे. त्याची सोपी मराठी आवृत्ती आणि एक नमुना करारनामा एखाद्या ग्राहक संघटनेने किंवा डिझायनरांच्या संस्थेने काढला तर अर्धे वाद उद्भवणारच नाहीत. रेराने घराच्या विक्रीसाठी नमुना करारनामा आणला, तसा इथे कोणी आणलेला नाही. काहींचे म्हणणे असे की हे क्षेत्र लहान कारागिरांचे आहे, कागदपत्रे वाढली तर कामे फक्त मोठ्या कंपन्यांकडे जातील. ही भीती निराधार नाही, म्हणून नमुना एका पानाचा आणि कारागिरालाही समजणारा हवा.

दुसरी गाठ पुनर्विक्रीची. तयार इंटिरियरमुळे घर लवकर विकले जाते, असे एजंट सांगतात. बँकेचा मूल्यांकनकार मात्र सहसा क्षेत्रफळ, जागा आणि इमारतीचे वय पाहतो. भाड्याने द्यायच्या घराला सजावटीतून थोडे जास्त भाडे मिळते. स्वतः राहणाऱ्याने हा खर्च गुंतवणूक म्हणून मोजू नये, यावर बहुतेक जाणकारांचे एकमत होत आले आहे.

तिसरी गाठ टिकाऊपणाची आणि आरोग्याची. लोखंडी कपाट दोन पिढ्या चालते हे आपण घराघरांत पाहतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचे फर्निचर स्वस्त पडते, पण स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा धरत नाही आणि घर बदलताना ते हलवता येत नाही. या फळ्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. तो कमी सोडणाऱ्या फळ्यांवर ‘ई-१’, ‘ई-०’ अशी प्रत लिहिलेली असते आणि त्या महाग असतात. बंद एसी बेडरूममध्ये, विशेषतः लहान मुलांच्या खोलीत, हा जादा खर्च करावा की नाही, यावर अजून पुरेशी चर्चाच झालेली नाही. ती व्हावी असे फार वाटते.

राखीव रकमेबद्दल मात्र मतभेद फारसे नाहीत. एकूण अंदाजाच्या दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवावेत, जुने घर असेल तर थोडे जास्त, कारण जुन्या भिंतीत काय निघेल ते फोडल्यावरच कळते.

ज्यांचे काम येत्या महिन्यांत सुरू व्हायचे आहे, त्यांना दोनच गोष्टींची विनंती. ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशनच्या प्रत्येक ओळीपुढे माप समोरचे की उघडे, हे ठेकेदाराच्या अक्षरात लिहून सही घ्या. आणि भिंती बुजवण्याआधी प्रत्येक वायर आणि पाइपचा फोटो शेजारी टेप धरून काढा व तो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. दहा वर्षांनी खिळा ठोकायला येणाऱ्या माणसाला तो लागणार आहे.